नववीच्या मुलांना जागता ज्वालामुखी दाखवायचा आहे. अशी सहल कुणी काढली आहे का?

मलप्रभाकाठचा_मास्तर
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. नववीत यंदा ३९ मुलं आहेत. ऑगस्टमध्ये खडकांचा धडा घेताना नेहमीप्रमाणे फळ्यावर ज्वालामुखी काढला. टोकदार डोंगर, मधून नळी, वर धूर. मी शाळेत असताना आमच्या बाईंनी हेच चित्र काढलं होतं आणि गेली २३ वर्षं मीही तेच काढत आलो.

दुसऱ्या दिवशी एका मुलीनं दप्तरातून दगड काढून टेबलावर ठेवला. तिचे वडील खडी क्रशरवर कामाला आहेत. दगड काळा, भोकाभोकांचा, आणि काही भोकांत पांढरे चकचकीत दाणे. म्हणाली, "सर, ह्यो आगीतनं आलाय म्हणता, तर ह्याच्यात मिठासारखं काय बसलंय? आणि तुम्ही काढलाय तसला डोंगर आमच्याकडं कुठंच न्हाई की." दोन्ही प्रश्नांवर मी "उद्या सांगतो" म्हणालो. तो उद्या अजून आलेला नाही, आणि ते मला फार लागून राहिलंय.

त्याच तासाला मागच्या बाकावरून आवाज आला, "खरा ज्वालामुखी बघायला जाऊया की सर." सगळा वर्ग उठून बसला. दरवर्षीची सहल ठरलेली असते, म्हैसूर नाहीतर कोल्हापूर-गणपतीपुळे. मुलं गाडीत गाणी म्हणतात, उलट्या करतात, फोटो काढतात. आनंद असतो, नाही असं नाही. पण एकदा तरी एखाद्या धड्यासाठी सहल निघावी असं मला मनापासून वाटतंय.

पालक जास्तीत जास्त दीड हजार देऊ शकतील. पुण्यात आणि बेंगळुरूत नोकरीला असलेले काही माजी विद्यार्थी बाकीचा भार उचलायला तयार आहेत, निदान १०-१२ मुलांपुरता. अंदमानातला बॅरन बेटाचा ज्वालामुखी जवळचा की इंडोनेशिया सोपा? मुलांना किती जवळ नेता येतं? वर्गात दोन मुलांना दमा आहे, त्यांचं काय करावं? बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात अर्ज टाकण्याआधी हे सगळं स्वतःला नीट कळायला हवं. ज्याला जे माहीत आहे ते सांगा.

अंदमानात_चार_वर्षं
सर, मी शहापूरचा, आपल्या बेळगावातल्या. नोकरीनिमित्त चार वर्षं पोर्ट ब्लेअरला होतो (आता त्याचं नाव श्री विजयपुरम). बॅरनबद्दल आधी वाईट बातमी देतो. त्या बेटावर पर्यटकांना उतरू देत नाहीत. बघायचं झालं तर परवानगी काढून बोटीतून, लांबूनच. पोर्ट ब्लेअरपासून ते ईशान्येला सुमारे १३५ किलोमीटर आहे. समुद्र खवळलेला असला तर मोठी माणसं आडवी होतात, तिथं तुम्ही नववीची पोरं घेऊन जाणार. आणि त्या दिवशी डोंगर काही करेलच याची खात्री कुणी देत नाही. वर जे दिसतं ते जेमतेम ३५० मीटर उंचीचं, उरलेला सगळा डोंगर पाण्याखाली.

तरीही मुलांना बॅरन सांगाच. भारतीय उपखंडात जागता म्हणावा असा तो एकच. भारताचं भूपट्ट तिथं पूर्वेकडच्या पट्टाखाली खचत जातं आणि त्यातून हा ज्वालामुखी पोसला जातो. दीडशेहून जास्त वर्षं गप्प होता, १९९१ ला पुन्हा पेटला. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची माणसं तिथं समुद्रतळाचे नमुने काढत होती आणि त्यांच्या डोळ्यांदेखत राख उडायला लागली. त्यांनीसुद्धा जहाज मैलभर दूर नेऊन बघितलं. दिवसा नुसते राखेचे ढग, आणि सूर्य बुडाल्यावर मुखातून उडणारी लाल लाव्ह्याची कारंजी.

एक गोष्ट जपा. एजंट लोक तुम्हाला बाराटांगचा चिखलाचा ज्वालामुखी गळ्यात मारतील. तिथं जायला जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ठरल्या वेळी सगळ्या गाड्या एकत्र सोडतात. वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. तो नियम योग्यच आहे, पण त्या लोकांच्या घरातून ३९ मुलांची सहल न्यावी का, हा विचार तुम्ही कराच. एवढं करून शेवटी दिसतं काय, तर थंड राखाडी चिखल आणि त्यातून येणारे बुडबुडे. जमिनीखालचा वायू चिखलाला वर ढकलतो, लाव्ह्याचा तिथं काही संबंध नाही. तुमच्या त्या मुलीचा गोंधळ वाढेल, कमी होणार नाही.

निपाणीकर_बांडुंग
मी मूळचा निपाणीचा. आमचं तंबाखूचं शेत होतं, आता सूतगिरणीच्या यंत्रांच्या कामावर इंडोनेशियात बांडुंगला असतो. सर, तुमचं वाचून राहवलं नाही.

आमच्या शहराच्या उत्तरेला तासाभरावर तांकुबान पराहू नावाचा जागता ज्वालामुखी आहे. नावाचा अर्थ पालथी नाव, आणि लांबून दिसतोही तसाच. गाडी थेट मुखाच्या काठापर्यंत जाते. कठडा आहे, मक्याची कणसं विकणारे आहेत, इथल्या शाळांच्या सहली येतात. खाली राखाडी खड्डा, त्यातून वाफ, आणि कुजक्या अंड्यासारखा गंधकाचा वास. मी गावाकडून आलेल्या माझ्या भावाला नेलं होतं. तो अर्धा तास काही बोललाच नाही.

पण २६ जुलै २०१९ ला दुपारी, माणसं वर असतानाच, त्यातून राखेचा लोट उठला. जीव गेला नाही कुणाचा, पण लोक पळत सुटले, गाड्या राखेनं भरल्या. त्या दिवशी तुमची ३९ मुलं कठड्याला टेकून उभी आहेत असं डोळ्यापुढं आणून बघा.

इथं सरकार प्रत्येक ज्वालामुखीला चारपैकी एक इशारा-पातळी देतं. पहिली म्हणजे सामान्य. लोकांना वाटतं पहिली असली की मोकळं रान. तसं नाही. जपानचा ओंताके डोंगर २७ सप्टेंबर २०१४ ला फुटला तेव्हा तिथंही पातळी पहिलीच होती. शनिवारची दुपार, डोंगर चढून गेलेली माणसं जेवायला बसलेली. ६३ जणांचा जीव गेला. आमच्या सुमात्रातला मारापी दुसऱ्या पातळीवर होता, तरी लोक वर गेले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये २४ गिर्यारोहक मेले.

दम्याच्या मुलांना नेऊ नका, हे अगदी स्पष्ट सांगतो. गंधकाचा वायू श्वासनळी आवळतो. आणि दमा नसलेल्यांनाही एक धोका असतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खड्ड्यात, घळीत साचून राहतो आणि त्याला वासही नसतो. १९७९ ला जावातल्या दिएंग पठारावर अशा वायूनं शंभरावर गावकरी वाटेतच पडले. मूल बुटकं, त्यात वाकून दगड उचलणारं, म्हणजे त्या थराच्या जास्त जवळ.

तुम्ही स्वतः या. माझ्या घरी राहा. तुम्हाला वर नेतो, व्हिडिओ काढा, राखेचा नमुना न्यायला परवानगी मिळते का ते विचारू. मुलांना मात्र आणू नका, असं मला वाटतं.

मलप्रभाकाठचा_मास्तर
निपाणीकर, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल किती आभार मानू. ओंताकेचं काल वर्गात सांगितलं. एकानं विचारलं, "लाव्हा वर आलाच नव्हता, तर फुटलं काय?" मी वाफेबद्दल सांगायला लागलो. पाण्याची वाफ झाली की ती सतराशेपट जागा मागते, खाली अडकलेलं पाणी एकदम तापलं की वरचा खडक उडवूनच बाहेर पडते, आणि लाव्हा हलत नसल्यामुळे यंत्रांना आधी चाहूल लागणं अवघड. एवढं बोलेपर्यंत आमच्या वर्गातला एक कुंभाराचा मुलगा उभा राहिला. खानापूरला कुंभारकाम जुनं, तुम्हाला माहीतच आहे. तो म्हणाला, "सर, भांडं ओलं असताना भट्टीत घातलं की असंच फुटतं. बाबा म्हणून तर आठ-आठ दिवस सावलीत वाळवतात." मी ह्याच्यापेक्षा चांगलं सांगू शकलो नसतो. सगळ्या वर्गाला एका वाक्यात कळलं.

परदेशाचा विचार मी सोडला आहे. पण मग दाखवू काय?

जांभ्याचा_चिरा
मास्तर, मी निवृत्त भूवैज्ञानिक. आयुष्य कर्नाटक-महाराष्ट्राच्या खडकांवर हातोडी मारत गेलं, आता टिळकवाडीत असतो. चार दिवस हे सगळं वाचूलालोय आणि त्या मुलीचा दगड डोक्यातून जात नाही. आधी तिची दोन उत्तरं देतो, सहलीचं मग बोलू.

तिला म्हणावं, आईला आंबोळी घालताना बघ. पीठ आंबलेलं असतं, त्यात वायू असतो. तव्यावर पडलं की बुडबुडे वर येतात, फुटतात, आणि आंबोळी घट्ट झाली की त्यांची भोकं राहतात. लाव्ह्यातही वायू विरघळलेला असतो. वर आल्यावर दाब कमी होतो, वायू सुटतो, बुडबुडे पृष्ठभागाकडे चढतात, तेवढ्यात वरची साय गोठते आणि भोकं तशीच राहतात. पांढरे दाणे आगीतले नव्हेतच, ते मागाहून आले. खडक निवाल्यानंतर दीर्घकाळ त्यातून पाणी झिरपत राहतं, खडकातले क्षार विरघळवून घेतं आणि रिकाम्या भोकात स्फटिक करून ठेवतं. झिओलाइट असेल, कॅल्साइट असेल, गारगोटीच्या जातीचं काही असेल. चाकूनं ओरखडून बघा, लिंबाचा रस टाकून बघा. फसफसला तर कॅल्साइट.

म्हणजे तिनं आणलेल्या एका दगडात दोन काळ आहेत, एक आगीचा आणि एक पाण्याचा. नववीतल्या मुलीनं हे आपण होऊन टिपलं! माझ्या हाताखाली पदवीची पोरं होती, त्यांतली निम्मी भोकं मोजून पुढं जायची.

आता डोंगर का नाही? कारण आपल्याकडचा लाव्हा तसल्या डोंगरातून आलाच नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पसरत गेला, पुन्हा त्या आंबोळीच्या पिठासारखा. एक थर, तो निवतो, मग त्यावर दुसरा. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास हे घडलं. आज उरलेला पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर. पश्चिम घाटात ह्या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते, आणि दक्षिणेकडं, पूर्वेकडं ती पातळ होत होत संपते. संपते कुठं, तर आपल्या बेळगाव जिल्ह्यात. नाशिकच्या, पुण्याच्या मुलांना हे बघायला मिळत नाही, त्यांच्याकडं चहूबाजूला काळा पाषाणच. तुमच्या मुलांना एका दिवसात लाव्ह्यावर उभं करता येतं आणि लाव्हा येण्याआधीच्या जमिनीवरही.

म्हणून माझा बेत असा. पहिला मुक्काम त्या मुलीचा क्रशर. खाणीचा उभा कापलेला दर्शनी भाग बघायचा. खाली घट्ट काळा दगड, वर जाता जाता भोकं वाढत जातात, भोकाळ भाग संपला की एक प्रवाह संपला. कुठं कुठं दोन प्रवाहांच्या मध्ये विटकरी मातीचा पट्टा दिसतो. तो दिसला तर मुलांना तिथं थांबवा आणि विचारा, ही माती कधी झाली असेल? एक लाव्हा निवून, वारा-पाऊस खाऊन त्याची माती व्हायला लागली, आणि मग वरून दुसरा आला. फळ्यावरच्या चित्रात हा मधला वेळ दिसतच नाही. मुलांना स्वतः थर मोजू द्या. उत्तर तुम्ही आधी सांगू नका.

दुसरा मुक्काम गोकाकचा धबधबा. घटप्रभा ज्या कड्यावरून ५२ मीटर खाली उडी घेते तो कडा लाव्ह्याचा नाही. तो कलादगी मालिकेतला क्वार्टझाइट, म्हणजे जुन्या समुद्रकाठची वाळू दाबून-शिजून झालेला खडक. शंभर कोटी वर्षांहून जुना. पश्चिमेकडून आलेला लाव्हा ह्याच जुन्या जमिनीवर पसरला. मुलांना दोन्ही खडकांवर हात फिरवू द्या. काळ्या दगडात डोळ्यांना दाणा दिसत नाही, ह्यात वाळूचा कण न् कण चमकतो. लोक पावसाळ्यात धबधबा बघायला जातात, तुम्ही डिसेंबरात जा. पाणी कमी असतं, पण खडक उघडा असतो आणि शेवाळ वाळलेलं असतं. काठापासून लांब ठेवा, तिथं घसरून माणसं गेली आहेत.

आणि तिसरी गोष्ट तुमच्या शाळेच्या भिंतीतच असेल. जांभ्याचा चिरा. हाच काळा दगड उष्ण हवेत आणि आपल्यासारख्या मुसळधार पावसात कुजत गेला की त्यातली सिलिका वाहून जाते, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागं राहतं, तो जांभा. खाणीत मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो, उन्हावाऱ्यात टणक होतो. ह्या खडकाचं जगभर चालणारं नाव, लॅटराइट, बुकानन नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरानं मलबारात असलेच चिरे बघून १८०७ साली ठेवलं. लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. तुमच्या कुंभाराच्या पोराला हे सांगा.

चिकोडीची_भूगोलबाई
आजोबांचं सगळं पटलं, पण एक सांगू का? मुलांना आग बघायची होती. क्रशर दाखवून "हाच ज्वालामुखी" म्हटलं तर काही मुलं नाराज होतील, आणि ती नाराजी खरी आहे. ती झाकू नका. आम्ही तीन वर्षांपूर्वी उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटावर गेलो होतो. लोंढ्याहून मडगाव, मग कोकण रेल्वेनं उडुपी, मालपे बंदरातून बोट. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून आम्ही जानेवारीत गेलो. लाव्हा निवताना आकसून तडकला आणि पाच-सहा कोनांचे खांबच्या खांब उभे राहिले. तळं आटल्यावर गाळाला भेगा पडतात तशाच, फक्त इथं भेग खोलवर गेलेली. तो लाव्हा आपल्या काळ्या दगडाहून जुना, ८ कोटी ८० लाख वर्षांच्या आसपासचा, मादागास्कर आपल्यापासून तुटला त्या वेळचा. मुलं खांबावर चढायला धावतात, शिट्टी जवळ ठेवा. तिथून परत येताना एकही मूल "आग कुठं आहे" म्हणालं नाही.

बेत आखताना हे लक्षात असू दे: दगड फोडताना सुरक्षा चष्मा हवाच, साधा गॉगल चालत नाही. आमच्या एका मुलाच्या डोळ्यात कपची गेली होती. डोळा वाचला, पण तो दिवस मी विसरू शकत नाही. संरक्षित जागी हातोडी पिशवीबाहेर काढायची नाही. सेंट मेरी हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, तिथला खडा उचलायचा नाही हे गाडीतच सांगा.

मलप्रभाकाठचा_मास्तर
बाई, आजोबा, दोघांचेही मनापासून आभार. काल लिंबाचा प्रयोग केला. दाणे फसफसले नाहीत. मुलगी म्हणाली, "मग कॅल्साइट न्हवं." आणि वहीत तारीख घालून तसं लिहिलं. मग दगड परत दप्तरात ठेवला, शाळेच्या कपाटात ठेवायला दिला नाही. मीही मागितला नाही.

ठरवलंय ते असं. डिसेंबरात दोन दिवस, सगळी ३९ मुलं. पहिल्या दिवशी क्रशर आणि दुपारी शाळेत येऊन चित्रं, दुसऱ्या दिवशी गोकाक. खर्च दीड हजाराच्या खूप आत बसतो, म्हणजे ज्यांचे पालक पैसे भरू शकत नाहीत त्यांनाही नेता येईल. अंदमानात फक्त १०-१२ जण गेले असते, आणि ती मुलगी त्यांत असती की नाही हे मला ठाऊक नाही. आंबोली घाटही मनात होता, पण तो महाराष्ट्रात, गाडीला वेगळा परमिट आणि ऑफिसात वेगळी परवानगी, म्हणून ह्या वर्षी नाही. सेंट मेरी पुढच्या वर्षी, हीच मुलं दहावीत गेल्यावर, परीक्षेच्या आधी जमलं तर.

आग राहिली, ते बाई खरं बोलल्या. निपाणीकर, तुम्ही तिथं कठड्यावरून आमच्या वर्गाशी थेट बोलाल का? अर्धा तास पुरे. तो वासाचा भाग मुलांना तुमच्या तोंडून ऐकायचा आहे. आणि गोव्यात दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेला मी पत्र लिहिलं आहे. चोर्ला घाटातून काही तासांची वाट. बॅरनची राख बघायला मिळेल का एवढंच विचारलं आहे. उत्तर आलं की इथं कळवतो.

आता एकच अडचण. क्रशरचा मालक शाळेच्या मुलांना आत घ्यायला घाबरतो, आणि त्याचंही बरोबर आहे. सुरुंग लावतात, डंपर फिरतात.

निपाणीकर_बांडुंग
बोलतो सर. सकाळी लवकर ठेवा, आमच्याकडं दुपारनंतर ढग उतरतात आणि मुख दिसत नाही. तुमचे आठ वाजतील तेव्हा इथं साडेनऊ. आदल्या दिवशी इशारा-पातळी बघून कळवेन. पहिलीवर नसली तर खालूनच बोलेन.

जांभ्याचा_चिरा
मास्तर, मालकाचा नंबर मला निरोपात पाठवा. रविवारी सुरुंग नसतो, डंपर उभे असतात. मी आदल्या रविवारी स्वतः जाऊन दर्शनी भाग बघतो, वर लोंबणारा दगड कुठं आहे ते खडूनं खूण करतो, आणि मुलांनी कुठवर यायचं तिथं दोरी बांधतो. उंचीच्या दीडपट अंतर ठेवायचं, त्याच्या आत कुणी जायचं नाही. मी सोबत असतो म्हटल्यावर तो ऐकेल. हेल्मेट माझ्याकडं ६ आहेत, बाकीची बांधकामवाल्यांकडून मागून घेऊ. भिंग ३ आहेत. त्या मुलीला एक मी येतानाच देणार आहे, ते तिच्याकडंच राहू दे.